पोटोमॅक, मुक्काम पोस्ट बदलापूर

अमेरिकेच्या इतिहासात मी दोनदा नापास झालो आणि दोन्ही वेळा मला सगळी नावं पाठ होती. राष्ट्राध्यक्ष क्रमाने, सेनापती दोन्ही बाजूंचे, लढाया तारखांसकट. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितली असती. हे मी शिकवणीच्या पहिल्याच दिवशी साईंना, माझ्या सिंधी मास्तरांना, मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"नाम तो तुझे आते हैं, पुट, बेटा. दो बार फेल होने जितने आते हैं. अब नाम छोड़, आदमी पकड़."

त्या दिवसापासून शिकवणीत नाव घ्यायला बंदी झाली. गुलामगिरी मोडणारा राष्ट्राध्यक्ष 'लंबू' झाला. दक्षिणेचा सरसेनापती 'सफेद दाढी'. उत्तरेचा शेवटी जिंकलेला सेनापती 'सिगारवाला', आणि त्याच्याआधीचा एक, जो फौज सजवायचा, कवायत घ्यायचा आणि लढाई मात्र उद्यावर टाकायचा, तो 'कलवाला'. चुकून माझ्या तोंडून खरं नाव निघालं की साईं कानांवर हात ठेवायचे. सिंधी माणूस रागावला की आवाज चढवतो अशी माझी तोवर समजूत होती. साईं रागावले की गप्प बसायचे, आणि त्यांना गप्प बसलेलं पाहणं भारी अवघड होतं, कारण एरवी ते बोलायचे थांबतच नसत.

गाठ पडली ती पापडांमुळे. मी तेव्हा अंबरनाथच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यात गोदामाचा कारकून होतो. राहायला बदलापूरला. आईनं सांगितलं म्हणून एकदा उल्हासनगरच्या बाजारात सिंधी पापड घ्यायला गेलो आणि पैसे काढताना हातातलं पाठ्यपुस्तक दुकानाच्या फळीवर ठेवलं. पापडवाल्यानं ते उचललं आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. माझ्यामागे चार गिऱ्हाइकं खोळंबली. एक बाई निघून गेली. दहा मिनिटांनी त्यांनी पुस्तक मिटून परत केलं.

"ये किताब जिसने लिखी है," ते म्हणाले, "वो आदमी कभी कुछ हारा नहीं है."

मला ते वाक्य कळलं नाही, पण पापडवाला इंग्रजी पुस्तक वाचतो हे कळलं. चौकशी केली तेव्हा समजलं की हे कराचीला कॉलेजात प्रोफेसर होते, इतिहासाचे एम.ए., अकरा वर्षं शिकवलं होतं. फाळणीला पाचेक वर्षं झाली होती. निर्वासितांच्या छावणीतले लोक त्यांना 'साईं' म्हणत, काही जण 'प्रोफेसर साईं' म्हणत, आणि ते 'प्रोफेसर' उच्चारताना जरा हसत. छावणीत तेव्हा प्रत्येक जण सिंधमध्ये कोणीतरी बडा होता. कुणाचा वाडा होता, कुणाच्या गिरण्या होत्या. कागद मात्र कुणाकडेच नव्हते, त्यामुळे कुणीच कुणाचं फारसं खरं धरत नसे.

साईं फी घ्यायचे नाहीत. माझी गरज त्यांनी विचारून घेतली, ती मात्र नीट. मी सांगितलं की बाकीचे पेपर सुटलेत, हा एक अडकलाय. बदलापूरला नवी शाळा निघाली आहे, हेडमास्तर आमच्या वडिलांचे, अण्णांचे, स्नेही आहेत, त्यांनी जूनपर्यंत जागा धरून ठेवली आहे. बी.ए. झालो तर इतिहास शिकवायला मिळेल, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. आणि अण्णांनी स्पष्ट सांगितलंय, तिसऱ्यांदा आपटलास तर जन्मभर काड्या मोजत बस, पुन्हा फॉर्म भरायचा नाही.

"तुझे पढ़ाना है या काड़ी नहीं गिनना है?" साईंनी विचारलं.

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "दोन्ही."

"चलेगा," ते म्हणाले. "सच बोला."

कारखाना सुटला की सायकलवरून मी छावणीत जायचो. साईंचं घर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकीचा एक तुकडा. दोन घरांच्या मधे गोणपाटाचा पडदा. गेल्या गेल्या भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे यायचा, तो संपवल्याशिवाय बोलायचं नाही. साईंच्या बायकोला मी 'दादी' म्हणायचो. पहिल्यांदा मला ते जड गेलं, चाळिशीच्या बाईला आजी कशी म्हणायची? मग कळलं की सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. दादी मला चुलीपासून लांब बसवायच्या. म्हणायच्या, "तू काड़ी के कारखाने का है, तेरा भरोसा नहीं." माझ्या कपड्यांना गंधकाचा वास येई हे खरं होतं.

शिकवणीला फळा नव्हता. बराकीबाहेर दोन खाटांवर पापड वाळत घातलेले असत, तेच आमचं रणांगण. दादींनी नीट ओळीनं मांडलेले पापड साईं सरकवायचे, टेकडीसाठी उशी ठेवायचे. गेटिसबर्गची तीन दिवसांची लढाई आम्ही तीन संध्याकाळी लढलो. तिसऱ्या दिवशी सफेद दाढीनं उघड्या मैदानातून समोरासमोर हल्ला चढवला तेव्हा साईंनी मधली अख्खी ओळ पुढे ढकलली, आणि निम्मे पापड खाटेवरून खाली मातीत पडले. दादी बाहेर आल्या. पापडांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"कितने मरे?" त्यांनी विचारलं.

"बहुत," साईं म्हणाले. "बेकार में मरे."

"तो उठाओ अब. धो के दो." आणि सफेद दाढीची फौज आम्ही दोघांनी पाण्याचा हात लावून पुसली.

पडद्यापलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, पायानं अधू, दिवसभर खाटेवर. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते दिसायचे नाहीत, आवाज तेवढा यायचा. साईं भूतकाळात बोलतच नसत. "आज लंबू परेशान है, उसका लड़का गुज़र गया है," असं काल रात्री कळल्यासारखं सांगत. त्यामुळे चाचांना हे सगळं सध्या कुठंतरी चाललंय असंच वाटे. एखाद्या दिवशी मी गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी पडद्यामागून तक्रार यायची, "कल लड़ाई क्यों बंद थी?" लंबूला नाटकगृहात गोळी घातली त्या संध्याकाळी चाचांनी दिवा लवकर मालवला. दादींनी पाठवलेला पापडही परत आला.

त्यानंतरचा धडा मला अजून विसरता येत नाही. गुलामगिरी संपली, लाखो माणसं मोकळी झाली, त्यांना जमीन मिळेल असं काही ठिकाणी सांगण्यात आलं होतं. साईं एवढं बोलले आणि चाचांनी पडद्यामागून विचारलं, "क्लेम भरा उन लोगों ने? मिली ज़मीन?"

छावणीत तेव्हा दुसरा विषयच नसे. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घराचा क्लेम, म्हणजे सरकारकडे भरपाईचा दावा, जमिनीचा क्लेम.

साईंनी खाटेचा सुटलेला सुंभ आत खोचला. मग म्हणाले, "बहुत कम को मिली, चाचा. जिनको मिली, उनसे भी ज़्यादातर वापस ले ली."

"फिर क्या किया उन्होंने?"

"काम किया. बच्चे पढ़ाए. और पूछते रहे."

पाठ्यपुस्तकात या गोष्टीला दीड ओळ होती. मी ती दोनदा पाठ केली होती आणि दोनदा विसरलो होतो.

रविवारी साईं मला चालवायला काढत. त्यांच्या मते नकाशा डोळ्यांनी शिकायचा नसतो, पायांनी शिकायचा असतो. छावणीतून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत वालधुनीच्या काठाकाठानं आम्ही जायचो. वालधुनी म्हणजे बुल रनचा ओढा, जिथे पहिली लढाई झाली आणि शहरातले लोक डबे घेऊन मजा पाहायला आले होते. कल्याण ही उत्तरेची राजधानी, कारण ती नदीकाठी होती. बदलापूर ही दक्षिणेची, त्यामुळे मी 'दक्षिणवाला'. आणि उल्हास नदी म्हणजे पोटोमॅक. पोटोमॅक ओलांडली की उत्तर, अलीकडे दक्षिण. "तेरी उल्हास कब चढ़ती है, कब उतरती है, तुझे मालूम है," साईं म्हणायचे. "बस. उतना मालूम है तो सफेद दाढ़ी का हाल तुझे किताब से ज़्यादा मालूम है."

आणि खरंच होतं ते. गेटिसबर्गला हरल्यावर दक्षिणेची फौज जखमींच्या गाड्या घेऊन मागे निघाली, तर पोटोमॅकला पूर. पूल तोडलेला. फौज काठावर अडकली आणि मागून उत्तरेचा चष्मेवाला सेनापती येत होता, पण लवकर येत नव्हता. जुलैतली नदी मला पाहून माहीत होती. लाल पाणी, वाहत येणारी झाडं, उद्या उतरेल म्हणून काठावर बसलेली माणसं. पुस्तक न उघडता मी ते सगळं सांगू शकत होतो. सांगताना मला पहिल्यांदाच वाटलं की मला इतिहास येतो.

एकदा मी त्यांना विचारलं, कराचीत बसून अमेरिकाच का? ते म्हणाले, "दो भाई लड़े, इतना लड़े, और आखिर एक ही घर में रहे. जवानी में सोचा था, ये कैसे हुआ, पढ़ूँगा." मग म्हणाले, "अब तो और समझना है."

इतका जाणता माणूस पापड का विकतो, हे मला दादींनी सांगितलं. सिंधहून येताना गोदीवर एक पेटी हरवली, तिच्यात साईंच्या पदव्यांचे कागद होते. इथे आल्यावर एका संस्थेत शिकवायची जागा होती, तिथे कागद मागितले. साईं उठून आले. "मुझसे सबूत माँगते हैं," म्हणून चार दिवस जेवले नाहीत, आणि त्यानंतर कुठल्याही कॉलेजच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. प्रोफेसरकीचा काळा कोट तेवढा कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला होता.

"लेकिन कराची का कॉलेज तो तब इधर के ही विद्यापीठ का था," दादी म्हणाल्या. "मुंबई में किताब में नाम होगा ना? एक चिट्ठी लिखो, मैं बोलती हूँ. बोलते हैं, कल लिखूँगा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डरते हैं. किताब में नाम नहीं निकला तो? अभी तो कम से कम खुद को मालूम है कि एम.ए. हैं." आणि उठताना पुटपुटल्या, "कलवाला."

एप्रिलात परीक्षा झाली. गेटिसबर्गनंतरच्या माघारीवरच प्रश्न आला. मी पुरवण्या मागून घेतल्या. नावं सगळी जागच्या जागी लिहिली, लंबूला त्याच्या पूर्ण नावानं, सफेद दाढीला हुद्द्यासकट. लिहिताना हात दुखला तरी कळलं नाही.

साईंचा रिवाज असा की पेपर झाला की त्याच संध्याकाळी येऊन, लिहिलं तसं तोंडानं म्हणून दाखवायचं. मी पापड संपवला आणि सुरुवात केली. इंग्रजी उत्तर, मधे मधे चाचांसाठी हिंदी. फौज मागे निघाली, पाऊस, जखमींच्या गाड्या. "आणि नदीपाशी आली," मी म्हणालो, "तर उल्हासला पूर. कल्याणच्या बाजूनं..."

माझं मलाच ऐकू आलं.

"बराबर," चाचा पडद्यामागून म्हणाले. "उल्हास को बहुत पानी आता है."

साईंनी हातातला पेला खाली ठेवला. "लिखा क्या? बोला नहीं, लिखा?"

मी आठवून पाहिलं. लिहिलं होतं. उल्हास दोनदा, कल्याण एकदा. बदलापूर बहुतेक नाही, पण खात्री नव्हती.

नदी चुकली तर गुण जातात, त्याचं एवढं नव्हतं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं की नाव, गाव, ओळख पटेल अशी कोणतीही खूण आत करू नये. केल्यास परीक्षा रद्द. अमेरिकेच्या यादवी युद्धात उल्हास नदी आणणारा परीक्षार्थी कुठून आलाय हे ओळखायला परीक्षकाला काही डोकं लावावं लागणार नव्हतं.

"मैंने खुद," साईं हळूच म्हणाले, "कराची में एक लड़के का पेपर ऐसे ही रोका था. उसने अपने गाँव का नाम लिखा था. साल गया उसका." आणि मग ते गप्प झाले. मी निघेपर्यंत गप्पच होते.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर गेलो, तर ट्रंक उघडी आणि घरभर लिंबाचा सुकलेला पाला. दादी म्हणाल्या, "कोट पहन के सुबह ही गए. विद्यापीठ. बोलते थे, गलती मेरी है, लड़के की नहीं, मैं जाके बोलता हूँ."

परीक्षकाच्या नजरेतून सुटण्याची थोडी तरी आशा होती. साईंनी तिथं जाऊन माझा क्रमांक सांगितला, की तिथले लोक माझा पेपर नक्की शोधून काढणार. मी बराकीच्या पायरीवर बसून राहिलो. देवाधर्माचं माझं फारसं जमत नाही, पण त्या संध्याकाळी शिवमंदिराच्या दिशेनं मी मनातल्या मनात बरंच काही कबूल केलं.

अंधार पडायच्या सुमारास ते आले. कोट उन्हात आणि घामानं पार चुरगळला होता.

"साईं, तुम्ही कुणाला काही बोललात?"

"एक लफ्ज़ नहीं," ते म्हणाले, आणि दादींकडे पापड मागितला. त्यापलीकडे काही सांगेनात.

नंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गोदामात काड्यापेट्यांचे गठ्ठे मोजताना वाटायचं, हेच आता निवृत्त होईपर्यंत. हेडमास्तर रस्त्यात दिसले की मी गल्लीत वळायचो. साईंकडे जायचो, पण अमेरिका बंद झाली होती. चाचा विचारायचे, "लड़ाई खतम?" साईं म्हणायचे, "हाँ चाचा, अभी इंतज़ार चल रहा है." मधे दोनदा ते पुन्हा कोट घालून मुंबईला गेले, असं दादींनी सांगितलं. कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी सरळ धरून चाललो की माझं प्रकरण आत कुठंतरी निघालंय आणि साईं मला सांगत नाहीत.

जूनमध्ये निकाल लागला. कॉलेजच्या भिंतीवरच्या यादीत मी आधी नापासांच्या बाजूला पाहिलं, सवयीनं. तिथे नव्हतो. मग पाहिलं तर पास होतो. तीनदा वाचलं, शेजारच्या अनोळखी माणसाला वाचायला लावलं. त्यानंही तेच वाचलं. परीक्षकानं उल्हास पाहिलीच नाही, की पाहून सोडून दिली, की तोही आमच्याच बाजूचा कोणी होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. जो कुणी असेल त्याचं भलं होवो.

घरी जायच्या आधी मी छावणीत गेलो. सायकल कशी लावली आठवत नाही. "साईं, पास," एवढंच म्हणालो. दादींनी दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं. साईं खाटेवर बसले होते, ते एकदम मागे भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हसायला लागले. बराच वेळ हसत होते.

"अब सुन," ते म्हणाले. "उस दिन गया मैं. साहब के दरवाज़े के बाहर बेंच थी, उस पे बैठा. बैठा तो अकल आई. मुँह खोला तो लड़का पकड़ा जाएगा. उठके चला आता, पर पाँव नहीं उठे. पाँच साल बाद ऐसी जगह बैठा था. शाम तक चुप बैठा रहा."

"तुम्ही? दिवसभर गप्प?"

"पूछ मत. फिर कचेरी बंद होने लगी. चपरासी आके बोला, काका, काय काम आहे? सुबह से बैठे हो. अब कुछ तो बोलना था. तेरा बोल नहीं सकता. तो मुँह से निकल गया, मेरी डिग्री खो गई है."

कारकुनानं फॉर्म दिला. साल विचारलं, कॉलेज विचारलं, प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. म्हणाला, जुनी रजिस्टरं पाहावी लागतील, कळवू. कोटाच्या पुढच्या दोन खेपा त्यासाठी होत्या.

"मग?" मी विचारलं.

दादींनी फडताळातून एक लांब लिफाफा काढून माझ्या हातात दिला. बंद होता. "पाँच दिन हुए आके," त्या म्हणाल्या. "खोलने नहीं देते. बोलते हैं, दक्षिणवाले का पहले होने दो."

साईं माझ्याकडे पाहत नव्हते. "तू खोल," ते म्हणाले. "तेरा हाथ आज अच्छा है."

मी लिफाफा फोडला. आत जाड कागद होता, खाली शिक्का. वाचून मी कागद तसाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, दाराच्या उजेडात नेला. ज्या माणसानं मला वर्षभर एक नाव घेऊ दिलं नव्हतं, त्यानं कागदावरचं नाव मोठ्यानं वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश. मग पुन्हा एकदा वाचलं. वर्षभरात ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पडद्यामागे चाचांनी कूस बदलल्याचा आवाज झाला.

"ये नया कौन आया, साईं?" त्यांनी विचारलं. "उत्तर का है या दक्षिण का?"

"मैं हूँ, चाचा," साईं म्हणाले. "ये मैं हूँ."